आबांच्या हातचे डिझेल

एरंडोलच्या तहसील कचेरीच्या फाटकाला लागून जो कडुनिंब आहे, त्याच्या सावलीत माझे मेज मांडून मला तेव्हा बरीच वर्षे झाली होती. माझे शालेय शिक्षण आठवीपाशी थांबले असले, तरी अर्जाच्या भाषेवरील माझी पकड पाहून कचेरीतले कारकूनही अवघड मजकुरासाठी माझ्याकडे शिपाई पाठवीत, ही गोष्ट त्या आवारात सर्वांस ठाऊक होती. वारसनोंद असो, बांधाची तक्रार असो की हरवलेली शिधापत्रिका असो, माणसाचे जे काही अडते ते माझ्या मेजावरून पुढे सरकत असे.

त्यातही इंधन हा माझा विशेष अभ्यासाचा विषय होता. विहिरीवरच्या इंजिनासाठी घासलेटाचा परवाना मागणारे शेतकरी माझ्याकडे येत, तसेच अपघाताचे जबाब आणि परवान्याचे नूतनीकरण घेऊन ट्रकचालकही येत. अर्ज लिहून होईपर्यंत हे लोक बोलत राहतात. डिझेलात पाणी कसे शिरते, ढाब्यामागच्या पिंपातले स्वस्त डिझेल घेतल्यावर घाटात गाडी कशी गुदमरते, हे सर्व मी त्यांच्या तोंडून ऐकले होते. ऐकलेले क्रमवार लावून ठेवणे हीच माझी विद्या असल्यामुळे, या विषयात माझा सल्ला घेण्याची प्रथा नातेवाइकांत आपोआप पडली होती.

ज्या वर्षीची ही आठवण आहे, ते नव्वदीच्या दशकातले मधले एखादे वर्ष असावे. रस्त्यावरच्या नव्या ट्रकांच्या कपाळावर ‘टर्बो’ अशी अक्षरे तेव्हा नुकतीच दिसू लागली होती. दिवाळी होऊन गेली होती आणि कापसाच्या वेचणीचे दिवस होते. एका सकाळी कचेरीचे आवार गजबजलेले असताना माझे शालक एसटीतून उतरून थेट माझ्या मेजापाशी आले. त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता आणि चेहरा मात्र सुतकी होता. या दोन गोष्टी एकत्र पाहण्याचा प्रसंग माझ्यावर पूर्वी आला नसल्याने मी हातातला अर्ज बाजूस ठेवला आणि त्यांना स्टूल दिले.

“दाजी, गाडी उनी,” ते म्हणाले.

“अभिनंदन,” मी म्हणालो. “मग असे का?”

“आबा म्हनतंस, मी त्यामा बसाव नही.”

आबा म्हणजे माझे श्वशुर. त्यांचे गाव धुळ्याच्या अलीकडे, पारोळ्याहून जाणाऱ्या हमरस्त्यापासून थोडे आत. शालकांनी ऐन उमेदीची वर्षे आग्रा रोडवर दुसऱ्यांचे ट्रक चालवण्यात घालवली होती. आता स्वतःचा ट्रक जळगावच्या शोरूममधून निघून घरासमोर उभा होता. पहिली फेरी कशी करायची, हे त्यांनी ट्रक घेण्याच्याही आधी ठरवून ठेवले होते. वडिलांना पुढच्या सीटवर, खिडकीपाशी बसवायचे. पद्मालयाला गणपतीचे दर्शन घ्यायचे. आणि तिथून केळी भरण्यासाठी यावलला जायचे.

“दुसरास्नी गाडीमा मी कितला लोक बसाडात, दाजी,” ते म्हणाले. “सोतानी गाडी उनी, ते पहिले आबा बसाले जोयजेत. ते नही बसनात ते ती गाडी मन्हासाठे दुसरानीच शे.”

वाक्य संपवून त्यांनी पेढ्याचा पुडा उगाच सोडला आणि पुन्हा बांधला. मी पेढा घेतला आणि त्या दिवशीचे उरलेले अर्जदार दुसऱ्या दिवशी बोलावले.

आबांची हरकत समजण्यासाठी आबांचा बैलांशी असलेला व्यवहार समजून घ्यावा लागेल. तरुणपणी ते कापसाच्या गाड्या घेऊन धुळ्याच्या आणि जळगावच्या जिनिंगपर्यंत जात. लांबच्या फेरीपूर्वी बैलांना शेंगदाण्याचे तेल पाजण्याची रीत होती. बैलाचे तोंड वर धरायचे, बांबूची नळी गालातून आत सारायची आणि तेल सावकाश घशात सोडायचे. हे काम आबांनी कधी गड्याला करू दिले नाही. त्यांचा नियम एका वाक्याचा होता: ज्याला मी माझ्या हाताने पाजले नाही, त्याच्या जिवावर मी बसणार नाही. दुसरे एक वाक्य ते जेवताना हमखास सांगत. गाडीवान ज्या जोडीच्या मागे निर्धास्त झोपू शकतो, तीच जोडी खरी. बाकीचे नुसते शिंगवाले. त्यांची शेवटची जोडी त्यांनी धाकट्या मुलीच्या सासरी, जामनेरला, स्वतः नेऊन पोहोचवली होती. त्यानंतर ते कुठल्याही वाहनात बसले असतील तर ती फक्त एसटी. आणि तिच्यातही ते दांडी धरून उभे राहत, कारण तिला काय पाजलेले आहे हे त्यांना ठाऊक नसे.

“तुम्ही चाला,” शालक म्हणाले. “तुम्हना शब्द आबा मोडतंस नही.”

हे खरे होते. आबांनी माझा शब्द कधी मोडला नव्हता. मी सणासुदीलाच जात असल्यामुळे तसा प्रसंगही आलेला नव्हता.

सौभाग्यवतींसह मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पोहोचलो. घरासमोर ट्रक उभा होता. त्याला पाहून माझ्यासारख्या माणसालाही दोन पावले मागे सरकावे लागले, कारण जवळून तो पूर्ण दिसतच नव्हता. रंग इतका ताजा होता की दारासमोरची रांगोळी त्याच्या दारावर उलटी उमटली होती. पुढच्या जाळीला लिंबू-मिरची आणि झेंडूची माळ होती. सौभाग्यवतींनी त्याच्या चाकाला हात लावून तो हात कपाळी नेला. मग भावाकडे पाहून त्या हसल्या, आणि भावाच्या चेहऱ्यावरचे सुतक निम्मे उतरले.

आबा ओट्यावर ट्रककडे पाठ करून बसले होते.

“या, जवाईबापू,” ते म्हणाले. “तुम्ही तिकडे तोंड करी बसा. तुमले देखाले जोयजे ना.”

दुपारी जेवणे झाल्यावर मी दारातल्या बाजेवर बसून रीतसर सुनावणी घेतली. वादाचा मुद्दा मी प्रथमच स्पष्ट केला: सदर ट्रकास कोणते इंधन द्यावे, आणि ते कोणाच्या संमतीने. पक्ष तीन होते. पहिले शालक. दुसरे आबा. तिसरे शेजारचे नाना. ते आबांचे लहानपणापासूनचे सोबती, आणि त्यांना कोणी बोलावलेले नसले तरी ते येणार हे गृहीतच होते. सासूबाईंना सगळे गाव अक्का म्हणत असे आणि मीही तसेच म्हणे. त्या दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या पक्षकार नव्हत्या, पण ऐकत होत्या.

शालकांचे म्हणणे थोडके होते. शोरूमवाल्यांनी बजावले आहे की या गाडीला स्वच्छ डिझेलच लागते. घासलेटाचा थेंब नको, उघड्या पिंपातले नको, पाणी असलेले तर मुळीच नको.

“त्यास्नं काय जास सांगाले?” नाना म्हणाले. “मन्हं विहिरवरनं इंजिन देखा. इतला वरीस राकेल पीस. थोडं खोकस, पन पानी देस.”

राकेल म्हणजे घासलेट. नानांच्या इंजिनासाठी त्याचे अर्ज मीच लिहिलेले होते.

“नाना, ते इंजिन शे. हाई टर्बो शे,” शालक म्हणाले.

“टर्बो म्हंजे काय? ती बी तोंडघाईज पीस ना?”

येथे मला हस्तक्षेप करणे भाग पडले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो पंखा इंजिनात अधिक हवा कोंबतो, त्यामुळे त्याच इंधनात गाडी अधिक ओझे ओढते, अशी टर्बोची व्यवस्था मी सर्वांस समजावून सांगितली.

नानांनी विचार केला. “म्हंजे सोताना धूर सोताच खास?”

“खात नाही. कामाला लावते.”

“मन्हा मोठा आंडोर बी बिडीना धूर असाच कामले लावस,” नाना म्हणाले. “काम मातर कोठे दिखत नही.”

आंडोर म्हणजे मुलगा. नानांचा मोठा मुलगा त्या वेळी पलीकडच्या ओट्यावर बिडीच ओढत होता, त्यामुळे अक्कांच्या हातातली शेंग हसण्याने निसटली. मी सुनावणी पूर्ववत चालू केली आणि आबांना त्यांचे म्हणणे मांडण्यास सांगितले.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “पंपवर जे तेल शे, ते कोनी काढं? कोनता घानीनं शे? त्याना दाना कोनी देखा?”

“आबा, ते जमिनीतून येते,” मी म्हणालो.

“जमीनमाईन ते शेंग बी येस. मी इचारस, दाना कोनी देखा?” लगेच ते पुढे म्हणाले, “आपला वावरनी शेंग शे. आपला घानीनं तेल शे. बैल त्यानावर धुळा जाईसन परत येत. मंग हाई कसाले नही जावाव?”

त्यांना ट्रकात डिझेल नको होते असे नाही. डिझेल हे त्यांच्या लेखी चाऱ्यासारखे होते; ते कोणीही टाकावे. पण फेरीपूर्वीचे तेल हे आपल्या हाताने द्यायचे असते, एवढेच त्यांचे म्हणणे. शालकांनी कपाळाला हात लावला. घरचे तेल टाकीत गेले तर नव्या इंजिनाचे काय होईल, या विचाराने त्यांना घाम सुटला होता.

सर्व बाजू ऐकून मी निर्णय दिला. तो तोंडी असला तरी त्याची रचना लेखी निर्णयासारखीच होती. घासलेट पूर्णतः वर्ज्य करावे, कारण ते पातळ असते. इंजिनाला इंधन पुरवणाऱ्या पंपाला वंगण मिळते तेही डिझेलातूनच, आणि घासलेटाने तो कोरडा पडून घासतो. नानांच्या इंजिनाचा खोकला हा त्याचाच पुरावा समजावा. पिंपातले डिझेलही वर्ज्य, कारण उघड्या पिंपात धूळ आणि पाणी दोन्ही येऊन बसतात. ज्या पंपावर ट्रकांची सदैव रांग असते, तिथलेच डिझेल घ्यावे, कारण तिथे माल पडून राहत नाही. टाकी रिकामी ठेवून गाडी उभी करू नये, रिकाम्या टाकीत रात्रीचे दव धरते. राहिले आबांचे तेल. त्याचा पूर्ण मान राखून मी असे ठरवले की ते टाकीत घालू नये, पण पूजेच्या वेळी सगळ्या चाकांना आबांनी आपल्या हाताने त्याचे बोट लावावे.

नाना म्हणाले, “चाकले तोंड ऱ्हास का?”

आबांनी मात्र टोपी घातली आणि ते उठले. दोन दिवसांत पहिल्यांदाच ते ट्रकपाशी गेले, तेव्हा शालकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

“यानं तोंड कथं शे?” आबांनी विचारले.

शालकांनी धावत जाऊन टाकी दाखवली, झाकणाला कुलूप कसे आहे, किल्ली कशी फिरते, आत जाळी कशी बसवलेली आहे, सगळे दाखवले. वडिलांनी शेवटी गाडीत रस घेतला, या आनंदात त्यांनी झाकण उघडून लावूनही दाखवले.

“पोटनाजोडेच तोंड,” आबा म्हणाले. “बरं.”

माझा निर्णय सर्वमान्य झाला, असे मी सौभाग्यवतींना सांगितले. त्या म्हणाल्या, “आबा ‘बरं’ म्हणाले ना? मग काळजी घ्या.” माहेरच्या माणसांविषयी स्त्रिया उगाच साशंक असतात, असे मला त्या क्षणी वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा होती. घर पहाटेपासून जागे होते. ट्रकच्या सगळ्या किल्ल्या आदल्या संध्याकाळीच हळदीकुंकू लावून पूजेच्या ताटात ठेवल्या होत्या. मी स्नान करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर चहा घेत होतो. शालक मागच्या अंगणात अंघोळीला गेले होते. इतक्यात अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांच्या हातात शेंगदाण्याच्या तेलाचा मोठा पत्र्याचा डबा होता, आणि तो त्यांनी एका बोटावर तोलून धरला होता.

“भजासाठे तेल लेवाले गई,” त्या म्हणाल्या, “ते डबा रिकामा शे. सारा तळननं तेल व्हतं त्यामा. मांजर इतलं पीस नही.”

आम्ही दोघांनी एकाच वेळी ट्रककडे पाहिले. पुढच्या सीटवर, खिडकीपाशी, आबा बसलेले होते. नवी टोपी, नवे उपरणे, दोन्ही हात मांडीवर. टाकीच्या झाकणावर कुंकवाचा टिळा होता. टाकीखालच्या मातीत तेलाचे चार थेंब पडले होते, आणि पायरीवर बांबूची जुनी नळी नीट आडवी ठेवलेली होती.

“चाल रे भाऊ,” आबांनी मागच्या अंगणाकडे तोंड करून हाक दिली. “ऊन चढी ऱ्हायनं.”

शालक डोके पुसत पुसत पुढे आले. प्रथम त्यांना सीटवर बसलेले वडील दिसले आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडे पाहवेना. मग त्यांना अक्कांच्या बोटावरचा डबा दिसला. मग नळी दिसली. पंचा त्यांच्या हातातच राहिला. त्यांनी मला ट्रकच्या मागल्या बाजूस नेले.

“दाजी, आते काय करू?” ते कुजबुजले. “टाकी रिकामी करसू ते आबा उतरी जातीन, नि परत कधीच बसावत नहीत. नही करसू ते इंजिन जाई.”

इतक्या थोड्या वेळात निर्णय देण्याचा प्रसंग माझ्यावर क्वचितच आला असेल. मी प्रथम टाकीत आधी किती डिझेल होते ते विचारले. जळगावहून येताना भरलेले, अर्ध्याच्या आत, असे उत्तर आले. मग मी मनाशी युक्तिवाद केला. घासलेटाचा दोष पातळपणाचा. तेलाचा असला तर दाटपणाचा. पंप कोरडा पडण्याची भीती येथे नव्हती. तेल घरचे, गाळलेले, त्यात पाणी नाही की धूळ नाही. डिझेलचा पंप गावापासून जवळ होता. तिथे टाकी काठोकाठ भरली तर जे दाट आहे ते पातळ होईल.

“गाडी सुरू करा,” मी म्हणालो. “सावकाश पंपावर न्या, आणि गळ्यापर्यंत डिझेल भरा.”

“आनि मधमाच बंद पडनी ते?”

“बंद पडली तर पडली. आबा तिच्यात बसलेले असतील.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग पंचा खांद्यावर टाकून ते चालकाच्या बाजूने वर चढले. माझ्या आयुष्यातील निर्णयांपैकी इतक्या लवकर अंमलात आलेला दुसरा मला आठवत नाही.

मी मधल्या जागेवर बसलो. अक्का आणि सौभाग्यवती मागे हौद्यात गाद्या टाकून बसल्या. नैवेद्याचा डबा त्यांच्यापाशी होता, भज्यांवाचून. पूजा त्या टिळ्यावरच आटोपली असे धरून शालकांनी हात जोडले आणि किल्ली फिरवली. इंजिनाने एक आवंढा गिळल्यासारखा आवाज केला आणि ते थांबले. शालकांनी डोळे मिटले. आबांनी खिडकीतून हात बाहेर काढून दारावर दोन थापा मारल्या, बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात तशा. शालकांनी दुसऱ्यांदा किल्ली फिरवली. या वेळी इंजिन एकदा खाकरले, अंग झटकले आणि असे काही चालू झाले की ओट्यावरच्या कोंबड्या उडाल्या.

मागून पांढरट धूर निघाला, आणि त्या धुराबरोबर एक वास. तो वास ओळखण्यात चूक होण्यासारखी नव्हती. कढईत पहिला घाणा सोडला की घरभर जो दरवळतो, तोच.

गल्लीतली दारे उघडू लागली. एका बाईने विचारले, “कोनाकडे तळन शे हो?” दोन कुत्री शेपटी हलवत ट्रकमागे निघाली. नाना त्यांच्या ओट्यावर उभे होते. त्यांनी नाक वर करून वास घेतला, पुन्हा घेतला, आणि शालकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मन्हा राकेलले नावं ठेवतंस, आनि सोता आठे भजा तळी ऱ्हायनात.”

हमरस्त्याला लागेपर्यंत शालकांचे सगळे लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे होते. आबांचे लक्ष बाहेर होते. ओळखीचा दिसला की ते हात वर करत, आणि तो माणूसही हात वर करून मग एकदम नाक वर करत असे.

पंपावर, माझ्या निर्णयात म्हटल्याप्रमाणे, ट्रकांची रांग होती. आम्ही रांगेत उभे राहताच पुढच्या ट्रकचा पंजाबी चालक खाली उतरला आणि चहूकडे पाहत आमच्या खिडकीपाशी आला.

“बाबाजी, पकोडे किधर मिल रहे हैं?”

“आठेच,” आबांनी ट्रककडे बोट दाखवले. “पन तुले नही. हाई गाडीले शेत.”

त्याला शब्द कळले नसावेत. तरी तो हसला, आणि त्याने ट्रकभोवती एक फेरी मारून पसंतीची मान हलवली. पंपाच्या बाजूस एक गॅरेज होते. शालकांनी तिथल्या मिस्त्रीला बाजूला घेऊन सगळी हकिगत सांगितली. मिस्त्रीने धुराच्या नळीपाशी वाकून वास घेतला आणि म्हणाला, “टाकी फुल करा, बिनधास्त चालवा. चार दिवसांनी फिल्टर बदला, म्हणजे झालं. आणि पुढच्या वेळी मीठमिरची टाका.” शालकांनी इतका मोठा श्वास सोडला की त्यांच्या सदऱ्याचे बटण सुटले. माझा युक्तिवाद मिस्त्रीच्या मताशी तंतोतंत जुळला, याची मी तिथेच नोंद घेतली.

आमची पाळी आली. पंपावरचा माणूस नळी घेऊन टाकीपाशी आला, तेव्हा आबा सीटवरून उतरले. ते उतरले म्हणजे संपले, असेच आम्हा दोघांस वाटले. पण आबा टाकीपाशी गेले आणि त्या माणसासमोर हात पुढे करून उभे राहिले.

“ती नळी मन्हा हातमा दे.”

“आबा, ते आम्हीच भरतो,” तो माणूस म्हणाला.

“तू पाजशी ते ती तुन्ही व्हई,” आबा म्हणाले. “मी पाजसू ते मन्ही व्हई.”

त्या माणसाने शालकांकडे पाहिले. शालकांनी मान हलवली. आबांनी नळी हातात घेतली, तिचे टोक निरखले, वास घेतला, आणि ज्या हाताने इतकी वर्षे बैलांची तोंडे वर धरली त्याच हाताने ते सावकाश टाकीत सारले. खटका कसा दाबायचा ते त्या माणसाने दाखवले. डिझेल आत पडू लागल्याचा आवाज आला, तसा आबांनी दुसरा हात टाकीवर ठेवला.

“पी माय,” ते म्हणाले. “पोटभर पी. लांब जानं शे.”

रांगेतल्या मागच्या ट्रकने हॉर्न वाजवला. पंजाबी चालकाने त्याला हातानेच गप्प केले. टाकी गळ्यापर्यंत भरेस्तोवर आबा हलले नाहीत, आणि शेवटचा थेंब नळीतच राहू नये म्हणून त्यांनी ती काठावर दोनदा झटकली.

हौद्यातून अक्कांचा आवाज आला. “जवाईबापू, हाई नळी आधीज त्यास्ना हातमा दिधी व्हती, ते मन्हा डबा वाचता.”

“अक्का,” मी वर पाहून म्हणालो, “सुनावणीत तशी मागणी कोणत्याही पक्षाने केलेली नव्हती.”

“मांगनी करवावर मंगच सुचस का तुमले?” त्या म्हणाल्या, आणि सौभाग्यवती इतक्या हसल्या की त्यांना नैवेद्याचा डबा खाली ठेवावा लागला.

पारोळा मागे पडले. टाकीतले तेल आता डिझेलात विरले होते, वास आमच्या नाकांना जाणवेनासा झाला होता आणि धूर साफ होत चालला होता. शालक चढावर गिअर न बदलता जात होते आणि प्रत्येक चढानंतर माझ्याकडे पाहून भुवया उडवत होते. मी त्यांना एकच विनंती केली. एरंडोलला हमरस्ता सोडून गावातल्या रस्त्याने जावे, कचेरीच्या फाटकापाशी क्षणभर थांबावे, आणि तो नवा, तीन सुरांचा हॉर्न एकदा पुरता वाजवावा. माझ्या मेजाच्या आजूबाजूस जे स्टँपविक्रेते आणि टंकलेखक बसतात, त्यांनी मला इतकी वर्षे फक्त सायकलवरून उतरताना पाहिले होते. शालकांनी ते आनंदाने मान्य केले.

एरंडोल आले. ट्रक गावात वळला. कडुनिंब दिसू लागला, त्याखालची माणसे दिसू लागली, माझे रिकामे मेजही दिसले. मी सदरा सारखा केला आणि समोरच्या काचेकडे सरसावून बसलो. शालकांचा हात हॉर्नपाशी गेला आणि तिथेच थांबला.

ते माझ्या पलीकडे पाहत होते. मी वळून पाहिले. आबांचे डोके खिडकीच्या चौकटीला टेकले होते, नवी टोपी एका कानावर आली होती आणि उपरण्याचे टोक वाऱ्यावर हलत होते. ते गाढ झोपले होते. जोडीच्या मागे गाडीवान झोपतो, तसे.

शालकांनी हॉर्नवरचा हात काढून घेतला. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, परवानगी मागितल्यासारखे. मी हाताने पुढे चलण्याची खूण केली. ट्रक कचेरीवरून इतका हळुवार गेला की फाटकात झोपलेल्या कुत्र्यानेही मान वर केली नाही. आवारातल्या एकाही माणसाने वर पाहिले नाही, आणि मला त्याचे यत्किंचितही वाईट वाटले नाही. उलट मी आबांची टोपी हलकेच सरळ केली. पद्मालयाच्या पायऱ्यांपाशी त्यांना उठवावे लागले, तेव्हा उठताच त्यांनी पहिला प्रश्न केला, “तिनी पानी पिदं का?” आणि शालकांनी रेडिएटरचे झाकण उघडून दाखवल्यावरच ते दर्शनाला निघाले.

संध्याकाळी ट्रक यावलकडे गेला, तेव्हा आबा त्यातच होते. पुढे ती गाडी जेव्हा जेव्हा लांबच्या फेरीला निघाली, तेव्हा तेव्हा त्या पंपावर नळी आबांच्याच हातात दिली गेली. पंपावरची माणसे बदलली, पण ही वहिवाट नव्या माणसाला आधी सांगितली जाई. इंजिनाने कधी तक्रार केली नाही. अक्कांना नवा डबा भरून मिळाला आणि त्यांनी तो कुलपात ठेवला.

त्या पहिल्या फेरीच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे माझ्या मेजापाशी आलो. शाई भरली, कागद झटकले. शेजारचा स्टँपविक्रेता माझ्याकडे वाकून म्हणाला, “काल दुपारी तुम्ही नव्हता. कचेरीसमोरून भज्यांचा असा वास गेला म्हणता, की सगळे काम सोडून शोधायला निघालो. कोण तळत होतं, अजून पत्ता नाही.”

“पत्ता आहे,” मी म्हणालो. मी त्याला स्टूल दिले, पहिल्या अर्जदाराला थोडे थांबण्यास सांगितले, आणि हकिगत सुरुवातीपासून, क्रमवार सांगायला घेतली.